‘फर्स्ट ओनर, फुल ओरिजिनल’ : एका जाहिरातीची समीक्षा

(अलिबाग इथं झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



बाहेर फलकावर विषय लिहिलाय ‘जुनी वस्तू आणि आपण’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी तयारी नाही. मी आज एका जाहिरातीबद्दल बोलणार आहे. छोटीशीच आहे, आणि ती मीच लिहिली होती. गेली अनेक वर्षं मी दुसऱ्यांच्या पुस्तकांवर, सिनेमांवर बोलतो आणि त्यांच्या चुका काढतो. तेव्हा एकदा स्वतःचा मजकूर टेबलावर ठेवावा, असं वाटलं. (हशा)

ऐका.

‘विकणे आहे. कॉन्टेसा, १९८७. फर्स्ट ओनर. फुल ओरिजिनल. एकहाती, जपून वापरलेली. एकही डेंट नाही. दुर्मीळ इंडियन मसल कार. फक्त जाणकारांनीच संपर्क साधावा.’

गाडी माझ्या मामांची. नागावला त्यांची वाडी आहे, नारळ-सुपारीची. वाडीच्या तोंडाशी पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ही गाडी. १९८७ साली त्यांनी ती नवी घेतली, आणि तेव्हापासून त्यांच्याशिवाय कुणी फारशी चालवली नाही. आता त्यांचे डोळे आणि गुडघे साथ देत नाहीत. मुलगा परदेशात. गेल्या वर्षी मला म्हणाले, “अरे, तू लिहितोस ना? मग गाडीचं चार ओळींत लिहून दे.” मी लिहून दिलं. वर वाचलं ते हेच.

आता या मजकुरात सत्य किती आहे ते पाहू. एकेक शब्द घेऊ.

मसल कोणाचे?

सगळ्यात आधी ‘मसल कार’. हा शब्द माझा नाही. मामांचा नातू म्हणाला, “काका, ते टाकाच. त्याशिवाय कोणी बघत नाही.” टाकला.

मसल कार म्हणजे काय? अमेरिकेत १९६४ साली पॉन्टिअ‍ॅक कंपनीनं आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि ‘जीटीओ’ नावानं विकायला काढलं. त्या सुमाराला ही जात रुळली. अंगानं मध्यम, इंजिन राक्षसी, आणि किंमत तरुण माणसाच्या आवाक्यातली. मग चार्जर आली, बॅराकुडा आली, कमॅरो आली.

आपल्याकडे काय होतं? कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायसलरच्या गाड्या जोडल्या जात होत्या. म्हणजे त्या घराण्याशी आपली ओळख होती. पण अमेरिकेत मसल कारची लाट आली तोवर आपल्याकडे परदेशी गाडी आणणं जवळजवळ अशक्य झालं होतं. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांनी मसल कार पाहिली ती पडद्यावर.

आणि कॉन्टेसा? हिंदुस्तान मोटर्सनं ती १९८४ ते २००२ या काळात पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनवली. साचा व्हॉक्सहॉल या इंग्रजी कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या गाडीचा. लांब नाक, रुंद छाती, ऐटबाज बसणी. पण सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन होतं १४८९ सीसीचं, ॲम्बेसेडरमध्ये होतं तेच. इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन नंतर आलं. मामांची गाडी आधीची. म्हणजे अंग पैलवानाचं आणि काळीज ॲम्बेसेडरचं. (हशा) जीटीओच्या इंजिनाच्या पाव हिश्शाएवढंही नाही.

मग लोक तिला मसल कार का म्हणतात? कारण तिच्यासारखी दुसरी नव्हती. रस्त्यावर फियाट आणि ॲम्बेसेडर, आणि मध्येच ही लांबलचक. लहानपणी ती पाहून जे वाटलं, ते आज चाळिशी-पन्नाशीतला माणूस विकत घेऊ पाहतो. म्हणजे ‘मसल कार’ हे गाडीचं वर्णन नाही, गिऱ्हाइकाच्या आठवणीचं वर्णन आहे. त्यात गैर काही नाही. फक्त जाहिरात लिहिणाऱ्याला ते कळलेलं असावं. मला कळलं नव्हतं.

‘क्लासिक’ हा शब्द बाजाराचा

नातवाला ‘मसल कार’च्या मागे ‘क्लासिक’ही हवं होतं. तेवढं मी टाळलं, पण बाजारात सगळे ते लिहितात. कायद्यात मात्र असं काही नाही.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये नियम केले ते ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, खासगी वापराची, आणि मूळ रूपात राहिलेली गाडी ती व्हिंटेज. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले असतील तर ती त्यात बसत नाही. नव्यानं नोंदणी करायची तर २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, मुदत १० वर्षांची. मग ती रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. विकता येते, पण परिवहन खात्याला कळवून.

मामांची गाडी १९८७ ची. म्हणजे तिला पन्नास व्हायला २०३७ उजाडेल. तोवर कायद्याच्या लेखी ती नुसती जुनी गाडी. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, पुढं दर पाच वर्षांनी पुन्हा, वर पर्यावरण कर. या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. मामांनी तीही भरली. पेणच्या आरटीओत जाऊन, गाडी दाखवून.

बाजार तिला दुर्मीळ म्हणतो. नियम तिला कालबाह्य होत चाललेलं वाहन समजतात. विकणारा या दोहोंच्या मध्ये उभा असतो, आणि जाहिरातीची भाषा त्यामुळे थोडी घाबरलेली असते. घाबरलेला माणूस मोठ्यानं बोलतो. ‘फुल ओरिजिनल’ हे असं मोठ्यानं बोललेलं वाक्य आहे.

दोन सिनेमे

‘ओरिजिनल’कडे वळण्याआधी दोन सिनेमांकडे जाऊ. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील.

पहिला ऋत्विक घटक यांचा ‘अजांत्रिक’, १९५८ चा. सुबोध घोष यांच्या कथेवरचा. छोटा नागपूरच्या भागातला बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि त्याची जुनी खटारा शेवरोले, जगद्दल. सगळे हसतात, पोरं चिखल मारतात, पण हा तिच्याशी बोलतो. तिला पाणी पाजतो आणि ती प्याली की समाधानानं आवाज करते. शेवटी ती चालेनाशी होते. असेल नसेल तो पैसा ओतून तो तिला उभी करतो, तरी ती दगा देते. मग भंगारवाला येतो. गाडीचे तुकडे होऊन निघून जातात. मागं एक लहान मूल तिचा भोंगा वाजवत बसलेलं. बिमल ते ऐकतो. त्याच्या डोळ्यांत पाणी असतं आणि ओठांवर हसू.

दुसरा पन्नास वर्षांनंतरचा, २००८ चा, क्लिंट ईस्टवूडचा ‘ग्रान टोरिनो’. वॉल्ट कोवाल्स्की हा फोर्डच्या कारखान्यातला निवृत्त कामगार, कोरियाच्या युद्धात लढलेला. त्याच्याकडे १९७२ ची ग्रान टोरिनो. ही खरोखरची अमेरिकन दणकट गाडी. तिचा स्टिअरिंगचा दांडा कारखान्यात त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेला. यापेक्षा ‘फर्स्ट ओनर’ कोण असणार? त्याच्या नातीला ती हवी असते. तू मेल्यावर या गाडीचं काय करणार, असं ती त्याला तोंडावर विचारते. शेजारचा ह्मोंग मुलगा थाओ टोळीच्या दबावाखाली ती चोरायला येतो. आणि शेवटी वॉल्टच्या मृत्युपत्रात गाडी त्याच थाओला मिळते. अटींसकट. छत कापायचं नाही, ज्वाळा रंगवायच्या नाहीत, मागं मोठा पंख लावायचा नाही. म्हणजे ओरिजिनल ठेवायची.

समीक्षकांनी या दुसऱ्या सिनेमाच्या शेवटाचं खूप कौतुक केलं. माझी तक्रार आहे. दिग्दर्शकानं अवघड प्रश्न टाळलाय. गाडी विकली जातच नाही. वॉल्टला कधी तिची किंमत सांगावी लागत नाही, कुणी ती पाडून मागत नाही. मृत्युपत्रातून दिलेल्या वस्तूला घासाघीस सोसावी लागत नाही. शिवाय देणारा तिथं हजर नसतो. थाओनं उद्या तिच्यावर ज्वाळा रंगवल्या तर वॉल्टला दिसणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांना मात्र जिवंतपणी विकावं लागतं. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून आकडा सांगावा लागतो, आणि उरलेलं आयुष्य ती वस्तू दुसऱ्याच्या दारात आहे हे माहीत असताना काढावं लागतं.

घटकांनी ते टाळलं नाही. बिमल विकतो, आणि विकला जाणारा ऐवज लोखंडाच्या भावाचा असतो. त्याच्या प्रेमाचा एक पैसा वर मिळत नाही. म्हणून मला ‘अजांत्रिक’ अधिक खरा वाटतो.

पण आणखी एक फरक आहे, आणि तो मला उशिरा दिसला. वॉल्टची गाडी नवीकोरी का राहिली? कारण तिला कधी काम करावं लागलं नाही. ती अंगणात उभी असते, तो बिअर पीत तिच्याकडे बघत बसतो. जगद्दल रोज भाडी मारते. तिचं ओरिजिनल काही उरूच शकत नाही. बिमलनं तिला जपलं नव्हतं का? वॉल्टपेक्षा जास्त जपलं. पण त्याचं जपणं म्हणजे बदलणं, ठोकणं, जोडणं, पुन्हा चालवणं.

मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. शेवटची २००३ साली नोंदलेली होती आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. हळहळ खूप झाली, लेख आले, फोटो आले. पण तीच गाडी घेऊन वीस वर्षं संसार चालवणाऱ्या एखाद्या टॅक्सीवाल्याला कुणी ‘फर्स्ट ओनर’ म्हणून जादा भाव दिल्याचं तुम्ही ऐकलंत? मी नाही ऐकलं. म्हणजे आपण ‘ओरिजिनल’ म्हणून जो भाव देतो, तो बऱ्याचदा न वापरण्याचा भाव असतो. ज्याला गाडी उभी ठेवणं परवडलं, त्याला मिळतो.

माझ्या जाहिरातीतलं ‘जपून वापरलेली’ या ठिकाणी कोसळतं. मामांनी जपलं खरं, पण वाडीचे नारळ त्यांनी त्या गाडीतून नेले. गावातल्या बाळंतिणी रात्री अलिबागला दवाखान्यात नेल्या. लग्नात नवरदेव नेले. एकदा शेजाऱ्यांचं जखमी वासरू मागच्या सीटवर नेलं. ती कामाची गाडी होती. मी तिला शोभेची करून लिहिलं, कारण शोभेच्या गाडीला भाव येतो हे मला आतून ठाऊक होतं.

लोहचुंबक

आता ‘एकही डेंट नाही’. यात सरळ खोटं आहे.

बॉनेटवर डाव्या बाजूला एक पोचा होता. नारळाचा. वाडीत गाडी ठेवणाऱ्याला हे नवं नाही. (हशा) फार वर्षांपूर्वी पडला, आणि मामांनी तो कधी काढला नाही. त्यांचं म्हणणं, “पाडेकऱ्याला मीच घाई केली होती. राहू दे, बघून आठवण राहील.” एका मध्यस्थानं सल्ला दिला, डेंटिंग-पेंटिंग करून घ्या, फोटो बरे येतील. मीही मान डोलावली. दोन दिवसांत बॉनेट चकाचक. मग मी लिहिलं, ‘एकही डेंट नाही’.

गिऱ्हाईक मुंबईहून आलं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला, रो-रोनं. ही सेवा मार्च २०२० ला सुरू झाली, तेव्हापासून मुंबईची माणसं स्वतःच्या गाडीसकट तासाभरात इकडं उतरतात. ते काय काय घ्यायला येतात ते आपण बघतोच. जमिनी तर आहेतच, पण जुने दरवाजे, खांब, पाट, पेटारे, झोपाळ्याच्या कड्या. आता गाड्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. विकणारे आपणच आहोत.

हा माणूस सभ्य होता. चहा घेतला, मामांच्या पाया पडला. मग खिशातून एक लहानसं लोहचुंबक काढलं. फडक्यात गुंडाळलेलं, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. पत्र्यावर ते चिकटतं. जिथं पत्रा गंजून गेलाय आणि पुट्टी भरलीय, तिथं सुटतं. त्यानं छतापासून सुरुवात केली. दारं झाली, चिकटलं. मडगार्ड, चिकटलं. बॉनेटच्या डाव्या बाजूला गेलं आणि खाली पडलं.

त्यानं आमच्याकडं पाहिलं. मी मामांकडं पाहिलं. मामा जमिनीकडं बघत होते.

पुढचा अर्धा तास त्याला कशावरच विश्वास बसेना. इंजिन ओरिजिनल म्हणता, मग हा बोल्ट नवा का? मीटरचा आकडा खरा कशावरून? फर्स्ट ओनर आहात, हे आरसी बुकात दिसतंय, पण मधे कुणाला वापरायला दिली नव्हती कशावरून? त्याचं काय चुकलं? एका वाक्यात खोटं सापडलं की सगळा मजकूर संशयित होतो. हे मी वर्गात विद्यार्थ्यांना शिकवतो. (हशा)

वही

मग मामा उठले. आत गेले आणि एक वही घेऊन आले. खरं तर तीन वह्या, एकत्र शिवलेल्या. पहिली नोंद १९८७ ची. किती पेट्रोल, किती किलोमीटर, कुठं गेलो. ऑइल कधी बदललं. आणि दुरुस्त्या. आतला पत्रा दोनदा जोडला. खारा वारा लोखंडाला सोडत नाही, समुद्राकाठी गाडी ठेवायची म्हणजे गंजाशी कायमचं भांडण. पुढचं उजवं मडगार्ड बदललं. कार्ब्युरेटर बदलला. इंजिन एकदा बोअर केलं. सगळी गाडी एकदा रंगवली, मूळच्याच रंगात, पण छटा जरा गडद आली, असंही लिहिलेलं. नारळाची तारीखसुद्धा होती. शेवटी नवीन नोंद : बॉनेटचा पोचा भरून घेतला, नको होतं.

तो माणूस तासभर ती वही वाचत बसला. माझी जाहिरात त्यानं मिनिटभरही वाचली नसेल.

आमच्या क्षेत्रात याला एक समांतर गोष्ट आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. १९१९ ला काम सुरू झालं आणि १९६६ ला पूर्ण झालं. त्या आवृत्तीचं मोठेपण कशात आहे? आम्हाला व्यासांचं मूळ हस्तलिखित सापडलं, असा तिचा दावा नाही. वर निवडलेला पाठ आहे आणि खाली, तळटीपांत, पाठभेद. कुठल्या प्रतीत काय वेगळं आहे ते उघडपणे. वाचकानं तपासावं. मामांची वही म्हणजे त्या गाडीचे पाठभेद होते. मी मात्र जाहिरातीत तळटीपा उडवून नुसतं ‘मूळ’ एवढंच छापलं.

मग ‘फर्स्ट ओनर’ची किंमत नेमकी कशाची? माझं उत्तर असं. चाळीसेक वर्षं चाललेल्या गाडीत सगळं ओरिजिनल असूच शकत नाही. पण काय बदललं, कधी बदललं, का बदललं, हे एकच माणूस पहिल्यापासून सांगू शकतो. मूळ मालक हा साक्षीदार असतो. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेली की ही साक्ष तुटते. त्या साक्षीला भाव आहे. म्हणून मूळ मालकानं ‘फुल ओरिजिनल’ लिहून खोटं बोलणं म्हणजे त्याच्याकडे जी एकच दुर्मीळ गोष्ट आहे तीच खराब करणं.

लोहचुंबकाचा विषय निघालाय आणि आपण अलिबागला बसलोय, तर हे सांगायला हवं. इथली चुंबकीय वेधशाळा १९०४ ची. त्याआधी कुलाब्याला, मुंबईच्या कुलाब्याला, १८४० च्या दशकापासून नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नाजूक उपकरणांना त्रास होणार, म्हणून जागा शोधली आणि ती अलिबागला मिळाली. इमारतीत लोखंड येणार नाही याची काळजी घेतली. पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळी आहे. कुलाबा बंद करून लगेच अलिबाग सुरू केलं नाही. १९०४ ते १९०६, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. जुनी आणि नवी ताडून पाहिली, म्हणजे मालिका तुटू नये. आज जगात त्या नोंदींना मान आहे तो एवढ्या दीर्घ, सलग मालिकेमुळे.

वस्तूचा हात बदलतानाही असं व्हायला हवं. थोडा काळ जुना आणि नवा मालक बरोबर.

विकल्यानंतरचं

एक उदाहरण तुमच्या सगळ्यांच्या ओळखीचं. सचिन तेंडुलकरला २००२ साली फियाटकडून फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, किल्ली मायकेल शूमाकरच्या हातून. तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून केवढा वाद झाला, शेवटी शुल्क कंपनीनं भरलं. २०११ ला ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. २०१२ ला ‘फेरारी की सवारी’ आला. त्या गाडीची कहाणी सगळ्यांना पाठ. पण २०२० साली त्यानं एका कार्यक्रमात काय सांगितलं? माझी पहिली गाडी मारुती ८०० होती, ती आता माझ्याकडे नाही, ती परत मिळाली तर हवी आहे, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. फेरारी भेट मिळालेली, मारुती स्वतः घेतलेली. बाजारात कुठली दुर्मीळ, हे लहान मूलही सांगेल. आणि आठवण कुठलीची आली, हे त्यानंच सांगितलं. एवढी साधनं असलेल्या माणसाला जी गाडी शोधावी लागते, ती आपल्याला सापडेल? म्हणून नोंद ठेवा. कुणाला दिली, कुठं गेली.

आणि ही नोंद नुसती भावनेची नाही. तरुण मंडळींसाठी हे स्पष्ट सांगतो. गाडी दिली, पैसे घेतले, हात मिळवले, की व्यवहार संपला असं आपण धरतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून एजंटाच्या हाती देतो आणि विसरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की, गाडी पुढं कितीही हातांत गेली तरी आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, आणि जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या पहिल्या माणसावर आली. म्हणजे ‘फर्स्ट ओनर’ हा जाहिरातीत मिरवायचा शब्द आहेच, पण तो गळ्यातही राहू शकतो. मामांनी सही करताना तारीख आणि वेळ दोन्ही लिहिलं. त्या माणसाला म्हणाले, “नाव बदललं की मला कागद दाखवायचा, त्याशिवाय मी झोपणार नाही.” त्यानं तो आणून दाखवला.

व्यवहार झाला. आकडा मी सांगणार नाही, तशी मामांची अट आहे. (हशा) जाहिरातीपेक्षा कमी आला एवढं सांगतो. नारळाचा पोचा तसाच ठेवला असता तर किती आला असता, मला माहीत नाही. पण तो अर्धा तास आला नसता.

गाडी न्यायच्या आधी तो माणूस दोन शनिवार आला. मामा शेजारी बसले आणि त्यानं चालवली. नागाव ते रेवदंडा, रेवदंडा ते नागाव. सकाळी चोक किती ओढायचा, तिसरा गिअर कुठं अडतो, पावसात वायपर कधी रुसतो. तिसऱ्या शनिवारी गाडी मांडव्याला गेली, बोटीत चढली. मामा धक्क्यावर आले नाहीत. म्हणाले, वाडीत पाणी सोडायचंय.

वहीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्याला वही हवी होती. मामांनी दोन दिवस घेतले. मग मला म्हणाले, “जा, अलिबागला जाऊन झेरॉक्स काढून आण.” मला वाटलं, झेरॉक्स त्याला देणार. त्यांनी मूळ वही त्याला दिली आणि झेरॉक्स आपल्याकडे ठेवली. म्हणाले, “गाडीबरोबर ओरिजिनल जाऊ दे. निदान तेवढं तरी तुझ्या जाहिरातीप्रमाणे होईल.”

त्या जाहिरातीवरची ही सगळ्यात नेमकी समीक्षा. माझी त्यापुढं काही नाही. मला पुन्हा लिहायची वेळ आली तर मी एवढंच लिहीन : ‘कॉन्टेसा, १९८७. एकच मालक. बरंच बदललं आहे. सगळं लिहून ठेवलं आहे. येऊन वाचा.’



(व्याख्यानानंतर श्रोत्यांतून एक प्रश्न आला : “आमच्या वडिलांची फियाट आहे, वही वगैरे काही नाही. मग काय करायचं?”)

वडील आहेत ना? मग आज घरी जा, त्यांना गाडीशेजारी खुर्ची द्या आणि विचारायला सुरुवात करा. हे टायर कधीचे, हा ओरखडा कुणाचा. वर्ष आठवत नसेल तर ‘अमक्याच्या लग्नाच्या आधी’ असं लिहा, चालेल. जे आठवत नाही तिथं ‘आठवत नाही’ असंच लिहा. विकायची असो वा नसो. हे काम ते असेपर्यंतच होतं.